रंगूनमधला उपाशी रविवार

रंगूनच्या धानगिरणीत आम्ही तिघं गोंदियाकडचे होतो. एक दरेकशाचा, एक बोदलकशाचा आणि मी सालेकशाचा. गावाच्या नावानंच एकमेकांना हाका मारायचो, त्यामुळे खरी नावं गिरणीच्या हजेरीपुरतीच उरली होती. कलकत्त्याहून बोटीत बसलो तेव्हाच आमचं ठरलं होतं, परदेशात रविवारचं जेवण तिघांनी मिळूनच करायचं. त्या दिवशी एक उपाशी तर तिघंही उपाशी. ही अट कुणी काढली ते आता आठवत नाही. मी काढली असेल तर मी गाढव होतो.

वर्ष बरं गेलं. मग पौष लागला, नदीतून नव्या धानाच्या होड्या गिरणीच्या घाटाला लागू लागल्या आणि दरेकसा बिघडला. आमच्याकडे नवं धान घरात आलं की आधी घरच्या देवाला दाखवतात, मग घरची सगळी माणसं एकत्र बसून तो भात खातात. याला ‘नवं करणं’ म्हणतात. ते होईपर्यंत नव्या तांदळाचा दाणा तोंडात टाकायचा नाही. मी रंगूनला आल्यावर हे सगळं खुंटीला टांगलं होतं आणि खाणावळीतला नवा भात तीन-तीनदा मागून घेत होतो. दरेकसा मात्र घरून ‘नवं झालं’ अशी चिठ्ठी येण्याची वाट पाहत रोटी आणि फुटाण्यांवर दिवस काढत होता. रविवारी तिघं मिळून जेवायचो, तेव्हा आम्हालाही फुटाणेच.

चिठ्ठी आली नाही. शेवटी त्यानं जाहीर केलं, “मंगळवारच्या बोटीनं मी घरी जाऊन राहिलो.”

मला धस्स झालं. तो गेला की आमचं तिघांचं घर मोडणार होतं. मी आणि बोदलकशानं बेत केला की रविवारी त्याला सगळं रंगून हिंडवायचं, झकास खाऊ घालायचं आणि त्याच्या डोक्यातून ती बोट काढून टाकायची.

सकाळी ट्राममधून निघालो. तलावावर गेलो. बोदलकसा जातीचा मासेमार, पाण्याच्या रंगावरून मासे किती ते सांगत सुटला आणि आमच्या बोदलकशाच्या तलावापुढं हे डबकं आहे असा निकाल देऊन मोकळा झाला. मग जोडे हातात घेऊन सोन्याचा पॅगोडा चढलो. उन्हात ते सोनं असं झळकत होतं की तिघांचेही डोळे दिपले. पायऱ्यांवर फुलं विकणाऱ्या बायका होत्या, ओठ पानानं रंगलेले. दरेकशानं फुलं घेतली, वाहिली, हात जोडले. त्याचा चेहरा खुलला. मी बोदलकशाला डोळा मारला.

पण खाण्याची वेळ आली आणि खेळ बिघडला. पहिल्या दुकानात माशाच्या रश्शात शेवया होत्या. वासानंच मी बाकावर बसून घेतलं.

“हे कायचं आहे?” दरेकशानं विचारलं.

दुकानदार हिंदीत म्हणाला, “चावल का.”

उठलो. दुसऱ्या दुकानात पानात बांधलेले गोड गोळे. तांदळाचे. तिसऱ्या दुकानात चिन्यानं भात आणला, तो दरेकशानं नुसता हुंगला आणि ताट सरकवलं. धान पिकवणाऱ्याचं नाक ते, त्याला कोण फसवणार?

“नवा आहे,” तो म्हणाला.

दोन वाजले होते. माझं डोकं फिरलं. “काऊन बे, या देशात तांदळाशिवाय काही पिकते का? तूच देवाले दाखव अन् खा!”

“घरचा देव घरी आहे. मी कसा दाखवू?”

“मंग आम्ही कायले मरावं?”

“तुम्ही खा ना. मी कुठं धरून ठेवलं?”

पण अट होती ना! बोदलकसा भिंतीला टेकून खाली बसला आणि आपल्या घरी धान पिकत नाही, नवं-जुनं काही नसतं, मग आपण कोणत्या पापाची शिक्षा भोगतो आहोत, असं आभाळाला विचारू लागला.

नदीकडच्या गल्लीत एका म्हातारीची छोटीशी खाणावळ होती. आम्ही पाणी प्यायला थांबलो. तिनं चुलीवरून भाताचं भांडं उतरवलं, पहिला डाव एका वाटीत काढला आणि ती वाटी कोपऱ्यातल्या फळीवर, टांगलेल्या नारळाजवळ ठेवली. हात जोडले. मगच आमच्याकडे वळली.

दरेकसा टक लावून पाहत होता. “ये किसके लिए, अम्मा?”

“घर का देवता,” म्हातारी म्हणाली. “पहले वो. फिर आदमी.”

दरेकसा बसला. केळीच्या पानावरचा वाफाळता भात सुक्या मासळीशी कालवून जेवला. दुसऱ्यांदा घेतला, तिसऱ्यांदा घेतला. आम्ही तर हिशेबच ठेवला नाही. म्हातारी हसून हसून वाढत होती. इतकं चविष्ट जेवण मी त्या देशात दुसरं जेवलो नाही. जिंकलो, असं मला वाटलं.

परत येताना मी विचारलं, “मग? राहिली ना बोट?”

“मंगळवारी जाऊन राहिलो,” तो शांतपणे म्हणाला. “म्हातारीच्या देवानं खाल्लं म्हणून मी खाल्लं. माझा देव उपाशीच असन. मायनं नवं केलं असतं तं चिठ्ठी आली असती.”

मी त्याला वेडा म्हटलं. धक्क्यावर पोहोचवायला गेलो तेव्हाही म्हटलं.

महिन्याभरानं त्याचं पत्र आलं. पोत्यांच्या थप्पीवर बसून मी ते बोदलकशाला वाचून दाखवलं. ‘मी पोचलो त्याच दिवशी मायनं नवं केलं. तुझ्याही घरी जाऊन आलो. तुझी माय अजून जुनाच तांदूळ शिजवून राहिली. पोरगा आल्याशिवाय नवं कसं करू, म्हणते.’

त्या दुपारीही मी नवा भात पोटभर जेवलो होतो. मला फार लाज वाटली. बोदलकसा उठला आणि माझी वळकटी बांधायला दोरी घेऊन आला.

सालेकशाला उतरलो तेव्हा मोहफुलं पडत होती. मायनं त्याच दिवशी नवा भात रांधला, देवापुढं ठेवला आणि मला पाटावर बसवलं.

“तिकडं काय खाऊन राहिला होतास रे?”

“रोटी,” मी मान खाली घालून म्हणालो. “रोटी अन् फुटाणे.”

तिनं माझ्या सुटलेल्या पोटाकडे पाहिलं.

“फुटाण्यानं बराच भरला रे बाप्पा तू,” ती म्हणाली आणि भात वाढून माझ्या शेजारी वर्षातला पहिला नवा घास घ्यायला बसली.