अळणी वर्ष

माझ्या वडिलांना गावात सगळे डॉक्टर म्हणत. ते डॉक्टर नव्हते. मेहकरच्या एका दवाखान्यात ते बारा वर्षं कंपाउंडर होते. तिथले म्हातारे डॉक्टर वारले तेव्हा त्यांच्या कपाटातल्या बरण्या घेऊन ते जानेफळजवळच्या आमच्या गावात येऊन बसले. बरण्यांसोबत डॉक्टरकीही येते अशी त्यांची समजूत होती, आणि गावानेही ती कधी मोडली नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून मऊ शब्दांची अपेक्षा ठेवणार नाही.

त्यांना न घाबरणारी गावात एकच व्यक्ती होती, ती माझी आई. दवाखाना म्हणजे आमच्याच घरातली पुढची खोली, मधे फक्त एक पडदा. आई भाकरी थापता थापता सगळं ऐकायची. एकदा तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन एक बाई आली. बाबांनी तिला लाल औषधाची बाटली दिली. आई पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि म्हणाली, "बाई, ते रंगीत पानी हाय. लेकराले मेहकरले घेऊन जाय." बाई उठून गेली. हात उगारणं बाबांच्या स्वभावातच नव्हतं, याचं गावाला फार कौतुक होतं. आईने आणखी दोन-तीन पेशंट असेच मेहकरला धाडले, आणि मग बाबांनी तिच्या डोकेदुखीवर औषध काढलं.

चपटी काचेची बाटली. डोस कळावा म्हणून तिला दातेरी कातरलेली कागदाची पट्टी चिकटवलेली. आत गुलाबी पाणी, चवीला खारट. दिवसातून तीन वेळा. आईचं डोकं खरंच दुखायचं, त्यामुळे तिने मुकाट्याने घ्यायला सुरुवात केली. मी तेव्हा बुलढाण्याला फार्मसीच्या पहिल्या वर्षाला होते. शनिवारी घरी आले की पट्टी बघून मीच तिला डोस काढून द्यायची. मला त्यात अभिमान वाटायचा, हेही लिहायला हवं.

आधी तिची झोप वाढली. मग भांडण बंद झालं. घर कसं शांत झालं, असं मलाही वाटलं. पुढे तिची जीभ जड झाली, शब्द अर्ध्यात अडकायला लागले. चुलीवर चहा ठेवून ती अंगणात जाऊन बसायची आणि आपण इथे का आलो हे तिला आठवायचं नाही. चालताना भिंतीचा आधार घ्यायची. एका शनिवारी तिने दार उघडलं, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "कोनाची तू?"

त्याच सुमारास तिच्या तोंडावर पुरळ उठलं. बाबांनी निदान केलं की रक्तात उष्णता वाढली आहे. पथ्य काय, तर मीठ एकदम बंद. आमच्याकडे अंगावर काही उठलं की पहिली कुऱ्हाड मिठावरच पडते, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. आई अळणी वरण आणि अळणी भाकर खाऊ लागली. तिची अवस्था आणखी झपाट्याने बिघडली. गाव म्हणू लागलं, डॉक्टरची बायको येडी झाली. दिवाळीनंतर तिला मोताळ्याला माहेरी कायमचं सोडून यायचं, असं बाबांनी ठरवलं. येड्या बाईसोबत संसार कसा करायचा, असं ते पेशंटसमोर म्हणायचे आणि पेशंट हळहळायचे.

दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या सरांनी झोपेच्या आणि मेंदू शांत करणाऱ्या जुन्या औषधांचा धडा घेतला. सुरुवात ब्रोमाइडपासून. हे आता कुणी देत नाही, परीक्षेपुरतं लक्षात ठेवा, असं ते म्हणाले आणि फळ्यावर लक्षणं लिहू लागले. गुंगी, विस्मरण, अडखळती जीभ, तोल जाणं, भ्रम, तोंडावर पुरळ. मी वही मिटली. ते माझ्या आईचं वर्णन लिहीत होते.

पुढचं त्यांनी सांगितलेलं मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे. ब्रोमाइड हे मिठातल्या क्लोराइडसारखंच दिसतं. शरीराला दोघांतला फरक नीट कळत नाही. ते रक्तात आणि मेंदूत क्लोराइडची जागा घेतं आणि मज्जातंतूंचा वेग मंद करतं. बाहेर पडायला त्याला आठवडेच्या आठवडे लागतात, म्हणून रोजचा डोस कालच्या डोसवर साचत जातो. आणि माणसाने मीठ सोडलं तर मूत्रपिंड आहे तेच धरून ठेवतं, ब्रोमाइडसकट. उपाय एकच: औषध बंद, भरपूर पाणी आणि मीठ.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी घरी गेल्यावर मी बाबांना एक शब्दही बोलले नाही. त्यांनी कॉलेज बंद केलं असतं, एवढीच माझी भीती होती. मी गुपचूप बाटली मोरीत ओतली आणि तिच्यात सरबताचा रंग घालून पाणी भरलं. बाबांनी नवी भरून दिली की तीही मोरीतच जायची. बाबांच्या दवाखान्यातलं पहिलं खरंखुरं रंगीत पाणी मी तयार केलं. आईच्या ताकात मीठ, वरणात मीठ, लिंबूपाण्यात मीठ. बाबा पुढच्या खोलीत असले की मी तिच्या तळहातावर चिमूटभर ठेवायची आणि ती लहान पोरीसारखी चाटायची. सुट्टी संपली तरी मी आजारी असल्याचं सांगून घरीच राहिले. चौथ्या आठवड्यात एका सकाळी आई मला म्हणाली, "काऊन गं, कॉलेजात जायाचं नाई का तुले? बसून राह्यली." मी न्हाणीत जाऊन रडले.

बाबांनी गावभर सांगितलं की आई त्यांच्याच औषधाने बरी झाली. पुरळ गेलं, डोकं ठिकाणावर आलं, म्हणून त्यांनी बाटली आणि पथ्य दोन्ही बंद केलं. लांबून पेशंट येऊ लागले. मी गप्प राहिले. आधी भीतीने, नंतर सवयीने, मग इतकी वर्षं झाली की आता कशाला, असं म्हणून. आई मोताळ्याला गेली नाही, हेच पुष्कळ झालं असं मी मनाला सांगितलं.

पण ती पडद्याबाहेर पुन्हा कधी आली नाही. बाबा कुणालाही काहीही देऊ देत, ती भाकरी थापत राहायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "जास्त बोलली का माह्यं डोकं फिरते बाई." औषध कधीच मोरीत गेलं होतं, आणि त्याचं काम मात्र चालूच होतं.

आता मेहकरला माझं स्वतःचं मेडिकल आहे. बाबा ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना माणसं ओळखू येत नाहीत आणि दिवसभर ते ओरडतात. गेल्या महिन्यात धाकट्या भावाचा फोन आला, "ताई, बाबासाठी झोपीचं काहीतरी घेऊन ये. लय कटकट करून राह्यले." मी रिकाम्या हातांनी गेले. डॉक्टरने तपासल्याशिवाय काही देणार नाही, असं मी त्याला सांगितलं. खरं सांगायचं तर त्यांनी ओरडावं आणि मी ते ऐकावं, असंही मला वाटत होतं.

आई त्यांना भरवत होती. ती म्हणाली, "देऊन टाक ना बाई काहीतरी. मी येडी झालती तं त्याईनंच औषध देऊन मले बरं केलं."

मग मला राहवलं नाही. बाटली, ब्रोमाइड, मीठ, मोरी, सगळं मी एका दमात सांगितलं. बाबा मधेमधे ओरडतच होते. आईने वाटी खाली ठेवली.

"म्हंजे मी येडी झाली नोती?"

"नाही आई. कधीच नाही."

ती बाबांकडे रागाने बघेल, अशी मी वाट पाहत होते. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती माझ्याकडेच बघत राहिली, आणि कित्येक वर्षांनी तिचा तो जुना आवाज मी ऐकला.

"अन् तुले हे तवापासून माहीत होतं?"