चिंधीबाईंचा शेजार

चिंधीबाई बोलता बोलता समोरच्या बाईचा पदर चिमटीत धरायच्या. नवखं माणूस दचकायचं. यांचं लक्ष कापडाकडे. "लई धुतलंय की हे! आता कुटं रंगाला आलंय," म्हणायच्या. मुलींच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या, मी मराठी. 'चिंधीबाई' हे नाव मुलींनी ठेवलेलं. बाईंना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

त्या अक्कलकोटकडच्या, घरचं बोलणं कन्नड. नवरा लग्नानंतर लवकरच गेला, मूलबाळ नव्हतं. सुट्टीच्या दिवशी सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या घरांतून हिंडायच्या. शिंप्यांकडचे तुकडे, बोहारणीकडची जुनेरं गोळा करून आणायच्या. मी हसले की म्हणायच्या, "रंग दुकानात मिळतो हो. वापरलेला रंग कुटं मिळतो?"

गोणपाट ताणून त्यावर त्या हे तुकडे शिवत. मधूनच रंगाचा हात, मधूनच उर्दू नि तेलुगू वर्तमानपत्रांचे कपटे खळीनं चिकटवलेले. इरकली काठाला लागून बुरख्याची काळी पट्टी, तिच्याखाली चादरीच्या दशा.

दुष्काळ सरल्यावरच्या दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या हॉलमध्ये त्यांनी प्रदर्शन मांडलं. नाव दिलं 'शेजार'. गावातले एक वकील बघून म्हणाले, "गोधडीला चौकट केलीय झालं."

"गोधडीच हाय की," बाई म्हणाल्या. "थंडी सगळ्यांनाच वाजते."

मुंबईच्या एका कलादालनाचे गृहस्थ मात्र दिवसभर रेंगाळले. सगळ्यांत मोठं चित्र त्यांनी मुंबईच्या प्रदर्शनासाठी निवडलं. बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. "माझं चित्र मुंबईला! खरं वाटतंय का हो तुम्हाला?" असं मलाच पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पूर्व भागातल्या बायका आल्या. त्यांत लक्ष्मम्मा होती, हातमागावर विणणारी म्हातारी. मोठ्या चित्रापाशी ती थबकली. एका जांभळ्या तुकड्यावर हात ठेवून तेलुगूत पुटपुटली, "इदि ना बिड्डदि." हे माझ्या लेकीचं. लेकीच्या लग्नासाठी तिनं स्वतः विणलेलं लुगडं होतं ते. लेक बाळंतपणात गेली, सासरच्यांनी कपडे बोहारणीला देऊन टाकले होते. म्हातारी काही मागत नव्हती. नुसती हात ठेवून उभी होती.

बाईंनी कात्री आणली. मुंबईचे गृहस्थ घाईनं पुढे आले. "अहो बाई, चित्राचा जीव आहे तो तुकडा! तो काढलात तर मला हे नेता येणार नाही."

"तिची वस्तू हाय. मी काय करू?" बाई म्हणाल्या. टाका न् टाका उसवून त्यांनी तो तुकडा काढला, घडी घातली आणि दोन्ही हातांनी दिला. "घ्या अम्मा." लक्ष्मम्मानं तो छातीशी धरला आणि मग मात्र मोठ्यानं रडली. बाईही रडल्या. चित्र मुंबईला गेलं नाही. मी त्या रिकाम्या जागी दुसरं कापड लावा म्हटलं, की त्या नकाराची मान हलवायच्या.

पुढच्याच वर्षी बाईंना पोटाचं दुखणं लागलं. गावाहून भाऊ येऊन घेऊन गेला, चित्रंही बैलगाडीत घालून नेली. मी भेटायला गेले तोवर बाई गेल्या होत्या. चित्रांचं विचारलं, तर भाऊ साधेपणानं म्हणाला, "ती गोणपाटं व्हय? वैरणीवर घातली की. जाड होती चांगली." बहिणीच्या आठवणीनं त्याचेही डोळे भरलेलेच होते.

सोलापूरला परतल्यावर लक्ष्मम्माच्या घरी गेले. ती विणत होती. मला बघून म्हणाली, "बाई कशी हाय?"

मी सांगितलं. तिचा हात थांबला. ती मागावरून उठली आणि भिंतीशी जाऊन बसली. दिवस चांगला वर आला होता, आजूबाजूच्या घरांतले माग खडखडत होते. मी निघाले तेव्हा तिचा मुलगा दारापर्यंत आला. हळूच म्हणाला, "आज माग बंद ऱ्हाणार बाई. आमच्यात घरचं माणूस गेल्यावरच बंद ठेवतात."