सोफ्यावरून पाहिलेलं नाटक

शाळेत शिकवायला लागून मला दुसरंच वर्ष होतं. आमच्या वस्तीत विहाराच्या मागे एक छापखाना होता आणि त्याचे मालक एक साप्ताहिक काढायचे. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं यांतून यंत्र मोकळं झालं की साप्ताहिक छापलं जाई. सहामाहीच्या प्रश्नपत्रिका आणायला गेले तेव्हा ते म्हणाले, "बाई, आमाले नाटका-गाण्याचं लिहून देत जा ना. काम फुकटचं आहे, पण तुमचं नाव छापू." नावाच्या मोहानं मी हो म्हणून बसले.

मला वाटलं होतं, एखाद्या नाट्यगृहात मागे अंधारात बसून पाहायचं असेल. पहिलंच काम निघालं खापरखेड्याचं. तिथल्या वीजकेंद्राच्या वसाहतीत कामगारांनी नाटक बसवलं होतं, रविवारी दुपारी तीनला. मालकांनी आधीच निरोप धाडला होता की आमच्या समीक्षक येतील.

बसमधून उतरले तर मंडळाचे सचिव समोरच उभे. त्यांनी मला थेट हॉलच्या पुढे नेलं. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेपुढे कुणाच्या तरी घरातून उचलून आणलेला सोफा होता, त्यावर विणलेलं पांढरं कव्हर. स्टुलावर पाण्याचा तांब्या आणि केळी. मी बसले आणि माइकवरून आवाज आला, "नागपूरच्या प्रसिद्ध नाट्यसमीक्षक आपल्यात उपस्थित आहेत." टाळ्या पडल्या. मी तोवर आयुष्यात चार नाटकं पाहिली होती, त्यातली दोन शाळेच्या गॅदरिंगची.

पडदा वर गेला आणि सचिव माझ्या शेजारी येऊन बसले. पात्र आत आलं की ते कानाशी सांगत, "हा बॉयलरवर आहे जी. ड्युटी करून तालमीले येते." मी वहीत लिहिलं, 'नेपथ्य साधे.' ते वाकून वाचत होते. "साधं म्हंजे? तीन दिवस लागले आमाले." मी 'साधे' खोडून 'सुंदर' लिहिलं. त्यानंतर वहीत फक्त सुंदरच उतरत गेलं.

एका पात्राची मिशी ओठावरून लोंबायला लागली. मागे हशा पिकला, पण बाजूचे लोक आधी माझ्याकडे पाहत होते, मी हसते का ते. मी गाल आतून चावून धरले. पंखा लांब होता, पाठ घामानं कव्हराला चिकटली होती, डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या. बाहेर जाऊन यावं असं फार वाटत होतं. पण त्या सोफ्यावरून उठणं म्हणजे सगळ्या हॉलसमोर समीक्षकबाईंनी उठून जाणं. अडीच तास मी मांडीवर वही धरून, चेहरा जपत बसून राहिले.

घरी येऊन लिहिलं. सहा भूमिका, सहा वेळा 'उत्तम'. छापून आलं. आईनं शेजारणींना वाचून दाखवलं आणि मला कुठं तोंड लपवावं कळेना.

दोन आठवड्यांनी, शनिवारी सकाळची शाळा सुटताना, फाटकात एक बाई उभी दिसली. पस्तिशीची असेल. हातात घडी घातलेलं आमचं साप्ताहिक होतं. नाटकातल्या आईचं काम तिनं केलं होतं.

"मॅडम, तुम्ही लिवलं का आईची भूमिका उत्तम," ती म्हणाली. "त्या दिवशी मी अख्खं दीड पान विसरली. तुमाले समजलं नाई?"

मी हातातला वह्यांचा गठ्ठा या हातातून त्या हातात घेतला.

"पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे. घरी माह्या मालकाले इचारलं तं ते म्हंते, चांगलं झालं. सचिव म्हंते, चांगलं झालं. म्हणून म्हटलं, तुमाले इचारावं. खरं सांगा, काय चुकते माहं?"

"मी नाटक पाहिलंच नाही," मी म्हटलं.

"काहून? समोरच तं बसून होत्या!"

मग मी तिला सोफ्याचं सगळं सांगितलं. ती खूप हसली. म्हणाली, "बुधवारी तालमीले या. मांगं भिंतीपाशी उभ्या राहा. कोणाले नाई सांगत मी."

मी गेले. मागच्या भिंतीशी उभी राहून पहिल्यांदा ते नाटक पाहिलं. मुलाचं पत्र वाचून व्हायच्या आधीच ती रडायला लागायची. वाक्याच्या शेवटी तिचा आवाज पडायचा, शेवटचे शब्द ऐकूच यायचे नाहीत. पण गप्प बसायची तेव्हा तिच्यावरून नजर हलत नव्हती. तालीम संपायच्या आत बस होती, त्यामुळे तिच्याशी बोलायला मिळालं नाही. घरी येऊन सगळं लिहून काढलं. असं मला आधी कधी लिहिता आलं नव्हतं. छापखान्याच्या मालकांनी वाचलं, म्हणाले, "आता जमलं." स्पर्धेच्या चार दिवस आधी ते छापून आलं.

ती पुन्हा शाळेत आली. या वेळी हसत नव्हती.

"मले सांगा म्हटलं होतं मॅडम. पेपरात सांगा असं नोतं म्हटलं. सचिवानं बोर्डावर लावलं. सारी कॉलनी वाचून राहिली."

मी माफी मागितली. खोटं लिहिलं तेव्हा अडकले होते, खरं लिहूनही तिथंच होते. तिच्यासोबत बस स्टँडपर्यंत चालत गेले.

बस आली. ती खिडकीशी बसली आणि बाहेर वाकून म्हणाली, "स्पर्धेले येसान का?"

"येईन."

"लिहसान?"

कंडक्टरनं घंटी ओढली. मी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, हे मलाच ठरवता आलं नव्हतं.