खांद्यावरचा पाहुणा

करवतवाले आजोबा ठार बहिरे. जन्मापासून नव्हे बरं. लाकडाच्या गिरणीतल्या करवतीने त्यांचे कान खाल्ले. तिथे कुणी घसा फोडून ओरडला तरी ऐकू जायचं नाही, म्हणून कामगार एकमेकांच्या खांद्यावर थापा मारायचे. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे ओंडका पुढे ढकल. ही भाषा त्यांनी घरी आजीलाही शिकवली होती.

घर रानाच्या अगदी कडेला. थंडी सरून झाडांना कोंब फुटले की कुठूनसं एक पाखरू परत यायचं. आजी त्याला पाहुणा म्हणायची. त्याची पहिली हाक आली की ती हातातलं काम टाकून मागच्या पायरीवर यायची आणि आजोबांच्या खांद्यावर ती हाक उतरवायची. लांब सुराला तळवा दाबून धरायची, मग तीन तुटक सुरांना बोटांनी तीनदा टकटक. आजोबा अशी मान डोलवायचे, की बघणाऱ्याला वाटावं यांनीच आधी ऐकलं! पण हे गुपित दोघांचं. पोरालासुद्धा सांगितलं नव्हतं.

पानगळीत आजी गेली. तेव्हापासून आजोबा त्या पायरीवर रानाकडे डोळे लावून बसायचे. पाहुणा येऊन गेला तर आपल्याला कळणार कसं, या विचाराने जीव टांगणीला लागायचा. तिच्या हाताची फार आठवण यायची.

शेवटी त्यांनी सुनेला विचारलं, रानातलं ते पाखरू बोललं का? म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून ती बिचारी मानेनेच हो म्हणाली. आजोबांनी झाडांकडे पाहिलं. एक कोंब फुटला असेल तर शपथ! ते असे भडकले की दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

मग कोंब फुटले. एका सकाळी सून ओले कपडे बादलीतच टाकून धावत आली आणि रानाकडे बोट दाखवू लागली. आजोबांनी तोंड फिरवलं. आता यांची समजूत काढायची कशी? तिने ओला हात त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि कानावर येत होतं तसंच केलं. तळवा दाबला, मग तीनदा टकटक.

आजोबा गर्रकन वळले. हे तिला कुणीच शिकवलं नव्हतं.

"परत कर," ते म्हणाले.

पण रान आता गप्प झालं होतं. सुनेने हात हलवला नाही. तो तसाच खांद्यावर ठेवून ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली, आणि पाहुणा पुन्हा बोलायची दोघं वाट बघू लागली.