कोरियन यंत्राचा पंचनामा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मंडळी. मी सांगत असताना मध्येच कुणी फिदीफिदी केलेलं मला चालणार नाही. फजिती माझी आहे, तेव्हा तिचे नियमही माझेच!

तर मी बिराजदार. मूळचा उदगीरचा, पण हयात गेली नांदेडात, पत्रकारितेत. माझं खास काम म्हणजे बोगस माल उघडा पाडणं. बोगस बियाणं, बोगस खत, बोगस दातांचा डॉक्टर. एकदा तर आख्खा बोगस तहसीलदार पकडून दिला. आणि इतक्या वर्षांत माझी कसोटी एकच: झाकण काढा, आत बघा. बाहेर एक नाव आणि आत दुसरं निघालं, की माल बोगस. संपला विषय!

नव्वदच्या सुमाराला आपल्या बाजारात परदेशी टीव्ही किती विकले गेले, आठवतंय का? समोर झगझगीत इंग्रजी नाव आणि मागचं झाकण काढलं की आत हैदराबादची जुळणी. ती झाकणं कुणी काढली? या हातांनी!

आता असा माणूस उतारवयात व्हिडिओ गेमच्या नादी लागेल, असं तुम्हाला वाटतं का? लागला ना!

झालं असं, की विष्णुपुरीच्या बाजूला एका इंजिनिअरिंग कॉलेजात जुन्या यंत्रांचं प्रदर्शन भरलं होतं. चार ओळींची बातमी करायची, चहा प्यायचा आणि निघायचं, एवढाच माझा बेत. जुने रेडिओ बघितले, जुने टाइपरायटर बघितले. शेवटच्या टेबलावर एक करडा ठोकळा दिसला. वायर लावलेले दोन छोटे रिमोट आणि पुढ्यात हातानं लिहिलेली चिठ्ठी: 'कोरियाचा व्हिडिओ गेम. घरी टीव्हीला जोडून खेळायचा.'

ठोकळ्यावर कंपनीचं नाव होतं. ते वाचलं आणि माझी कानशिलं तापली. नाव मी सांगणार नाही, पण आमचे शेजारी ज्या कंपनीच्या पांढऱ्या गाडीतून दर रविवारी देगलूरला सासुरवाडीला जातात ना, ती मोटार कंपनी!

टेबलामागे पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ स्टुलावर बसले होते.

"हे यंत्र कुणाचं?" मी विचारलं.

"माझं, साहेब. रऊफ म्हणतात मला. लातूरचा हाय. वायरमन होतो, आता घरीच ऱ्हातो."

"रऊफभाई, ही तर मोटार कंपनी आहे. मोटार कंपनी व्हिडिओ गेम बनवते होय?"

"मला काय ठाव, साहेब? जसं भेटलं तसं ठिवलं."

"उद्या म्हणाल, ट्रॅक्टर कंपनी पेढे बनवते!"

"बनवली तर खाऊ की."

हे असं! बोगस माल आणि वर विनोद! मी खिशातून वही काढली.

रऊफभाईंची हकिकत अशी. तरुणपणी ते सौदीला एका कोरियन कंपनीच्या बांधकामावर वायरमन होते. तिथला कोरियन इंजिनिअर मायदेशी परतताना आपल्या मुलांचं हे यंत्र त्यांना भेट देऊन गेला. लातूरला आणलं आणि टीव्हीला जोडलं, तर पडद्यावर नुसत्या लाटा. इथल्या टीव्हीशी त्याचं जमेच ना. झालं, तेव्हापासून पेटीत.

"सौदीहून समदे सोनं घेऊन आले, साहेब. म्या हे आणलं. आमची शमीम तवापासून बोलून राहिली. पोरांची लग्नं झाली, नातवंडं झाली, तिचं बोलणं काही संपंना. पाहुणा आला की पहिली गोष्ट हीच."

तेवढ्यात तिथल्या प्राध्यापिका वाघमारे मॅडम आल्या. प्रदर्शन त्यांनीच भरवलं होतं. त्या म्हणाल्या, कॉलेजात जुन्या यंत्रांची कायमची खोली होणार आहे, परवा समिती बसणार आहे. यंत्र अस्सल ठरलं तर काचेच्या कपाटात राहील आणि खाली रऊफभाईंचं नाव लागेल.

"शमीमला आणून दाखवणार हाय मी," रऊफभाई हळूच म्हणाले. "एक बार. बस्स."

खरं सांगतो, माझ्यातला माणूस विरघळला. पण पत्रकार नाही विरघळला! उलट जास्तच ताठ झाला. एका भोळ्या माणसाला कुणीतरी बोगस माल चिकटवला, तो त्यानं पिढीभर सांभाळला आणि आता कॉलेज त्याला काचेत बसवणार? मी असताना? नाही म्हणजे नाही!

"सर," वाघमारे मॅडम म्हणाल्या, "कोरियातल्या व्हिडिओ गेमचा सुरुवातीचा इतिहास जरा वेगळा आहे. तिथं त्या वेळी..."

"मॅडम, इतिहास मागून. आधी चौकशी."

"अहो, पण दोन मिनिटं..."

"परवा सकाळी अकरा वाजता. पंचांसमक्ष यंत्र उघडायचं. समितीच्या आधी दूध का दूध!"

ती दोन मिनिटं मी ऐकली असती, तर आज तुम्हाला हा किस्सा ऐकायला मिळाला नसता. पण मी ऐकतो का? घरी विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून मी थेट लातूरला रऊफभाईंच्या घरी गेलो. साक्षीदार नको का? शमीमभाभींनी दार उघडलं. मी सौदीच्या यंत्राचं नाव काढलं आणि नळाला पाणी यावं तशा त्या सुरू झाल्या.

"भाईसाब, आत या, बसा. कुणीतरी इचारलं बघा शेवटी! माझ्या जावेला बांगड्या आल्या. समोरच्या नसीमला व्हीसीआर आला. अन् ह्यांनी काय आणलं? डब्बा! लाटा दावणारा डब्बा!"

"तुम्हाला तो बोगस वाटतो?"

"वाटतो? लिहून घ्या की, बोगसच हाय! पण म्या पोरांना त्याला हात लावू दिला न्हाई हं. ईदला पुसून ठेवते दर साल. मोडला असता तर हे म्हणले असते, तुमीच मोडलं म्हणून चालंना."

बोगस, असं मी ठळक लिहून घेतलं. पुढचं पुसण्याचं काही लिहिलं नाही. बातमीच्या कामाचं नव्हतं ना!

परवाचा दिवस उजाडला. अकराला मी हजर. पंच म्हणून कँटीनचे मारोतराव आणि कॉलेजचे वॉचमन यांना उभं केलं. वाघमारे मॅडमचा तास चालू होता. शिपाई म्हणाला, मॅडम अर्ध्या तासात येतील, थांबा. मी? थांबू? अकरा म्हणजे अकरा!

यंत्र उलटं केलं. तळाला एका स्क्रूवर कागदाची बारीक पट्टी चिकटवलेली, त्यावर कोरियन अक्षरं.

"साहेब, ती तेवढी राहू द्या," रऊफभाई पुढे झाले. "कंपनीची हाय. इतक्या वर्षांत म्या तोडली न्हाई."

"म्हणजे आत काही तरी लपवलंय, असं लिहू?"

बिचारे मागे सरले. मग म्हणाले, "तोडा. तुमची तसल्ली होऊ द्या."

मारोतरावांच्या हातात कागद दिला आणि मी सांगत गेलो. पंचनामा कसा लिहायचा ते मला शिकवायला नको. "सदर यंत्राच्या तळाशी कंपनीची कागदी पट्टी असून ती पूर्णतः शाबूत आहे. लिहिलं? सदर पट्टी पत्रकार बिराजदार यांनी आम्हा पंचांसमक्ष, स्वतःच्या हाताने, स्वखुशीने तोडली."

"स्वखुशीने कशाला, साहेब?" मारोतराव म्हणाले.

"लिहा! पुढं कुणी म्हणायला नको, जबरदस्ती झाली."

टर्रकन पट्टी फाडली. स्क्रू काढले. झाकण उचललं. आत हिरवा बोर्ड, आणि बोर्डावर, मंडळी, ऐका! एका जपानी कंपनीचं नाव! आणि शेजारी चक्क 'जपान' असं छापलेलं!

"बघा!" मी असा ओरडलो की बाजूच्या वर्गातली मुलं खिडकीशी आली. "बाहेर कोरिया, आत जपान! बोगस!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. पंचांनी सह्या केल्या. मी दोन सह्या केल्या. तिथल्या तिथे मोबाइलवर फोटो काढला आणि बातमी पाठवून दिली: 'कोरियन यंत्राचं पोट फाडलं, आत निघाला जपान!' दहा मिनिटांत आमच्या वेबसाइटवर चढलीसुद्धा. रऊफभाई खाली मान घालून स्टुलावर बसले होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "वाईट वाटून घेऊ नका. फसवणारा दुसराच होता."

तेवढ्यात वाघमारे मॅडम आल्या. त्यांनी बोर्डाकडे बघितलं आणि चेहरा असा उजळला, की मला वाटलं, शाबासकी देणार.

"अस्सल आहे!" त्या म्हणाल्या.

"काय अस्सल? आत जपान आहे, मॅडम!"

"म्हणून तर! आता तरी ऐकता का, सर? कोरियानं जपानची राजवट भोगलेली. त्यामुळे जपानी मालाला तिथं दारं जवळजवळ बंद. पण गेमची यंत्रं जपानचीच चांगली, आणि मुलांना तीच हवी. मग कोरियातल्या बड्या कंपन्यांनी जपान्यांकडून रीतसर परवाना घेतला आणि तेच यंत्र आपलं नाव घालून विकलं. कुणी मोटारी बनवणारी, कुणी फ्रीज बनवणारी. तुमच्या हातातला मोबाइल कुठला?"

मी मोबाइल बघितला. कोरियन.

"त्या कंपनीनंही विकलेत असे गेम."

मोबाइल मी खिशात घातला. पण मी सहजासहजी हार मानणाऱ्यातला नाही! "म्हणजे तिथं बोगसगिरी नव्हतीच म्हणता?"

"होती ना. आधीच्या काळात सॉफ्टवेअरला कायद्याचं संरक्षणच नव्हतं. दुसऱ्याचे गेम सर्रास नक्कल करून विकायचे."

"बघा! बोगस!"

"ते गेम, सर. हे यंत्र नाही. बाहेर कोरिया आणि आत जपान, हीच तर याची खूण. आत जपान निघालं नसतं, तर मीच नकली म्हटलं असतं."

वर्गातल्या पोरांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. या खेपेला जास्त जोरात. आणि त्यांच्यातल्या एकानं माझी बातमी मोबाइलवर मोठ्यानं वाचायला घेतली.

मग मॅडमना टेबलावर पट्टीचे दोन तुकडे दिसले. आवाजच बदलला. "ही शाबूत होती?"

"होती की," मारोतराव उत्साहानं म्हणाले. "साहेबांनीच तोडली. स्वखुशीनं. लिहिलंय मी."

"अहो सर, हिच्यामुळेच तर कळत होतं, की आतला बोर्ड कुणी बदललेला नाही. आता समितीला पुरावा काय दाखवू?" त्या थांबल्या. त्यांची नजर मारोतरावांच्या हातातल्या कागदाकडे गेली. "थांबा. हा पंचनामाच दाखवते. पट्टी शाबूत होती, आत जपान निघालं, दोन पंच आणि पत्रकाराची सही. याहून पक्कं काय हवं?"

रऊफभाईंनी पहिल्यांदा मान वर केली.

आता पुढचं नीट ऐका, कारण इथं मी जरा बरा वागलोय. ज्याची मान मी खाली घालायला लावली, त्याच्यासाठी लिहायचं, आणि आजच! ऑफिसात गेलो, संपादकांना म्हणालो, पहिल्या पानावर, माझ्या नावानिशी: बातमी चुकली, यंत्र अस्सल आहे, अक्कल बोगस निघाली. संपादक म्हणाले, आतल्या पानावर दोन ओळी पुरेत. मी म्हणालो, चौकट पाहिजे! मोठी! शेवटी चौकट घेऊनच उठलो. माझ्या उभ्या कारकिर्दीत दुसऱ्याच्या विरोधात जेवढा भांडलो नसेन, तेवढा त्या दिवशी स्वतःच्या विरोधात भांडलो.

समितीनं पंचनामा वाचला आणि यंत्र मंजूर झालं. खोलीच्या उद्घाटनाला रऊफभाई शमीमभाभींना घेऊन आले. इस्त्रीचा कुर्ता, डोळ्यांत सुरमा. काचेत करडं यंत्र, खाली ठसठशीत अक्षरांत त्यांचं नाव आणि शेजारी चौकटीत बसवलेला माझा पंचनामा. भाभींनी नाव वाचलं. पदरानं काच पुसली, आधीच स्वच्छ होती तरी.

मग त्या पंचनामा वाचू लागल्या. एकेक शब्द, बोट लावून. 'स्वखुशीने'पाशी बोट थांबलं. भाभी वळल्या.

"भाईसाब! तुमी तोडली ही पट्टी?"

"भाभी, त्याचं असं झालं..."

"अरे, पोरांना बोट लावू दिलं न्हाई म्या! ईदला मुलायम कपड्यानं पुसली! अन् तुमी एका मिनटात टर्रकन? शिकलेली माणसं अशी करतेत? घरी आलाव तवा चहा पाजला म्या तुमाला! अक्कल गहाण ठिवली होती काय?"

अख्खी खोली ऐकत होती. प्राचार्य ऐकत होते. मी भिंतीला टेकलो आणि ऐकून घेतलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, भाभींचा श्वास काही संपेना.

तेवढ्यात रऊफभाई माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. चेहरा असा प्रसन्न, की काय सांगू! माझा हात हातात घेऊन कानाशी म्हणाले, "साहेब, तुमचे लई उपकार झाले. काचेत नाव लागलं ते ठीकच हाय. पण इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा ती दुसऱ्या कुणाला तरी बोलून राहिली!"