घरी लाड करू नका

पदवीच्या कागदावर ‘फिजिओथेरपिस्ट’ असं लिहिलेलं होतं, पण इस्पितळात एवढा लांबलचक शब्द उच्चारायला वेळ कुणाला? सगळे त्यांना व्यायामबाई म्हणत, आणि पेशंट पाठीमागे म्हणत ‘अजूनएकदा’. सव्वीस वर्षं मोडक्या हातापायांना त्यांनी हेच सुनावलं होतं. त्या धाकानं पुष्कळ माणसं चालतीही झाली होती, त्यामुळे अर्धं दुखणं अंगात असतं आणि अर्धं लाडात, अशी बाईंची पक्की खात्री.

एका सोमवारी शिवणकाम करणाऱ्या एक ताई नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून आल्या. नवरा घड्याळजी, डोळे बारीक करून बघायची सवय लागलेला. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं: पाय जड, तळव्यांना मुंग्या, कंबरेचे व्यायाम द्यावेत. बाहेर बाकावर एकोणीस माणसं ताटकळत होती.

“पाय उचला.”

ताईंनी उचलला.

“अजून एकदा.”

वीतभर उचलला.

“अजून एकदा.”

पाय हलला नाही.

“मग पहिल्यांदा कसा उचललात?”

“खरंच नाही हो उचलत, मॅडम. काल रस्त्यात चप्पल निसटली, तर घरी येईपर्यंत मला कळलंसुद्धा नाही.”

“सैल असेल.”

आधी गुडघ्याखाली रबरी हातोडी मारून पाय आपोआप उडतो का बघायचं, मग बाकीचं, हे त्या दरवर्षी शिकाऊ मुलींना बजावत. हातोडी खणात होती आणि खण हाताशी. पण सव्वीस वर्षांची नजर असताना हातोडी कशाला? त्यांनी केसपेपरवर शेरा मारला, ‘प्रयत्न कमी. मनाचा भाग वाटतो.’ दाराशी घड्याळजींनी विचारलं, “काळजीचं काही नाही ना?” तर हसून म्हणाल्या, “घरी लाड करू नका. कामाला लावा, पळायला लागतील.”

खालच्या डॉक्टरांनी तो शेरा वाचला आणि ताकदीच्या गोळ्या देऊन ताईंची घरी रवानगी केली.

घड्याळजींनी सांगितलेलं तंतोतंत पाळलं. बायकोला मशीनपुढे बसवलं. पायडल हलेना, तेव्हा पहिल्या दिवशी समजावलं, दुसऱ्या दिवशी आवाज चढवला, तिसऱ्या दिवशी म्हणाले, “बास झाली नाटकं.” चौथ्या दिवशी ताई न्हाणीघरात कोसळल्या. पाणी पाजलं ते नाकातून बाहेर आलं.

या वेळी मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यात आधी हातोडी मारली. दोन्ही गुडघे ढिम्म. मग नसांमधून वीज सोडून पाहिली, मणक्यातलं पाणी काढून तपासलं आणि निदान झालं. शरीराची पहारेकरी फौज परक्यांना सोडून स्वतःच्याच नसांवर तुटून पडते, असा तो आजार, लाखात एखाद-दुसऱ्याला होणारा. औषध लगेच सुरू झालं, तरी दहा दिवस ताईंचा श्वास यंत्रानं चालवावा लागला.

“चार दिवस आधी कळलं असतं तर?” व्यायामबाईंनी जिन्यात डॉक्टरीणबाईंना गाठून विचारलं.

“कदाचित यंत्र टळलं असतं. कदाचित नसतंही.” डॉक्टरीणबाईंनी शेरा वाचलेला होता. त्या एवढंच बोलून वर गेल्या. चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

पुढे ताई चाकांच्या खुर्चीतून व्यायामाच्या हॉलमध्ये आल्या, त्याही व्यायामबाईंच्याच हाताखाली. डॉक्टरीणबाईंची ताकीद होती, की या आजारात पेशंटला दमवायचं नाही, दमायच्या आधी थांबवायचं. सव्वीस वर्षांची सवय गिळून व्यायामबाई “पुरे, बसा” म्हणायला शिकल्या. ताई दोन दांड्यांच्या मधे उभ्या राहू लागल्या, चार पावलं टाकू लागल्या. “मॅडम, तुमच्यामुळे उभी राहिले,” म्हणायच्या, आणि बाईंची नजर फरशीवर जायची.

खरा त्रास वेगळाच होता. ताई नवऱ्याशी धड बोलत नव्हत्या. बोलल्या तर टोमणाच.

“पाणी देऊ का गं?”

“नको. नाटकं करायला पाणी लागत नाही.”

घड्याळजी निमूट ऐकून घेत. आपल्याला असं वागायला कुणी सांगितलं, हे त्यांनी एकदाही तोंडातून काढलं नाही. बाईंकडे बघतही नसत. रोज हा माणूस आपल्या वाटचं ओझं वाहतोय, आणि आपण त्याच्या बायकोकडून ‘तुमच्यामुळे’ ऐकून घेतोय! बाईंना घास गोड लागेना. अशी तीन आठवडे त्यांनी चालढकल केली. उद्या सांगू, जरा ताकद येऊ दे, असं स्वतःलाच फसवलं. फसवण्यात त्यांचा प्रयत्न मुळीच कमी नव्हता.

शेवटी एका दुपारी ताई सहा पावलं चालून बसल्या, तेव्हा बाईंनी घड्याळजींच्या देखत जुना केसपेपर त्यांच्या मांडीवर ठेवला. “हे अक्षर माझं आहे. हातोडी मी मारली नाही. लाड करू नका, कामाला लावा, हे ह्यांना मीच सांगितलं. नाटकं हा शब्द ह्यांचा असेल, पण अर्थ माझा होता.”

ताईंनी शेरा वाचला. पुन्हा वाचला. बाईंना आत कुठेतरी वाटलं होतं, की आता निदान नवरा-बायकोचं तरी जुळेल.

“तुम्ही मला दहा मिनिटं पाहिलंत, मॅडम,” ताई म्हणाल्या. “ह्यांनी बावीस वर्षं. मी कधी कामचुकारपणा केला का, विचारा ह्यांना.”

घड्याळजी मान खाली घालून उभे होते.

“आणि तीन आठवडे तुम्ही मला ‘तुमच्यामुळे’ म्हणू दिलंत?”

बाईंच्या तोंडून “चुकलं” एवढाच शब्द फुटला, तोही अर्धा.

“उद्यापासून त्या धाकट्या मॅडमना पाठवा. आणि अहो, तुम्हीही बाहेरच बसत जा.”

धाकटी मॅडम म्हणजे हाताखालची मुलगी, जिला बाई सगळ्यांदेखत ‘लोणी’ म्हणून हिणवत. त्या दिवशी बाईंनी लोण्याला समोर बसवून सगळं लिहून दिलं: किती पावलं, कुठे थांबवायचं, श्वास कधी मोजायचा. पहिल्या ओळीत स्वतःची चूकही लिहिली.

दुसऱ्या दिवशी हॉलचं दार बंद होतं. आतून लोण्याचा मऊ आवाज येत होता. बाहेर बाकावर घड्याळजी एकटेच बसले होते. बाईंना पाहून ते जरा सरकले. बाई टेकल्या. दोघांच्या मधे एक माणूस बसेल एवढी जागा उरली होती, आणि दोघंही दाराकडे बघत होते.