पाणी आलं की वर

लग्नात माझ्या नवऱ्याने मला उचलून घेतलं नाही. त्याची छातीच झाली नाही. पण मी दवाखान्यात नोकरीला लागल्यापासून दर महिन्याला एकदा चार माणसं मला चादरीत घालून जिन्यावरून वरच्या मजल्यावर नेत होती. आमच्याकडची सगळ्यात वजनदार बाई मी. "कांचन वर गेली की कोणताही पेशंट वर जाईल," असं आमच्या शालन मॅडम भर ओपीडीत म्हणायच्या आणि गळ्यातली शिट्टी फुंकायच्या. बसलेले पेशंट खोकला विसरून माझी मिरवणूक बघायचे.

डॉक्टर शालन मूळच्या कर्जत तालुक्यातल्याच. नवरा फौजेत, त्यामुळे मुलूखभर फिरून आलेल्या. निवृत्तीनंतर दोघं परत आले आणि मॅडमनी सीनेच्या काठी हा छोटा दवाखाना बांधला. मी खालच्या मजल्यावरचं मेडिकल सांभाळते. सीना म्हणजे वर्षातला बराच काळ नुसती वाळू आणि वेड्या बाभळी. अशा नदीच्या काठी बसून ह्या बाई पुराची तयारी करून घ्यायच्या. जनरेटर गच्चीवर. ऑक्सिजनचा एक जास्तीचा सिलिंडर वरच्या खोलीत. माझ्याकडची तातडीची औषधंसुद्धा वरच्या कपाटात, त्यामुळे एक इंजेक्शन लागलं की मला जिना चढायचा. मी कुरकुर केली की म्हणायच्या, "चढ. गुडघ्यांना बरं असतं." माझ्या गुडघ्यांचं काय झालं ते मलाच ठाऊक.

या सगळ्याचं मूळ अंदमानात होतं. त्सुनामी आली तेव्हा मॅडम तिथे समुद्राकाठच्या एका लहान दवाखान्यात डॉक्टर होत्या. त्या दिवसाबद्दल फार बोलायच्या नाहीत. एवढंच सांगायच्या, की आधी जमीन हलली, मग समुद्र मागे सरला आणि लोक उघडी पडलेली मासळी बघायला धावले. हे सांगताना त्यांच्या तोंडी गावची बोली यायची. "आपली माणसं त्याहून येडी हायेत. तिकडं पानी गेलं म्हणून बघायला गेली. आपल्याकडं पानी आलं की जात्यात, तेबी नारळ घेऊन."

यात खोटं काही नव्हतं. सीनेला पाणी आलं की अख्खं गाव पुलावर जमतं. बायका खणा-नारळाने नदीची ओटी भरतात, म्हातारी माणसं हात जोडतात, तरुण मोबाईल उगारतात. ज्या मुलखात पाण्याची वाट बघण्यात हयात जाते तिथे पाण्याला पाठ कोण दाखवणार? मॅडमचा नियम मात्र एकच. "पाणी आलं की वर. बघायचंच असंल तर गच्चीवरनं बघा." नदीकाठच्या वस्तीवर जाऊन ओट्याओट्यावर बसून त्या हेच सांगायच्या, की मारुतीच्या पायरीला पाणी लागायच्या आत शाळेच्या टेकाडावर जायचं. लोक मान डोलवायचे. चहा मात्र घरोघरी मिळायचा.

दवाखान्यात भानुदासमामा नावाचे वॉर्डातले जुने कामगार होते. ते हळूच म्हणायचे, "मॅडम, सीनेला आधी पानी तर येऊ द्या. मग पुराचं बघू." एकदा सरावात ह्याच मामांच्या हातून चादरीचा कोपरा सुटला आणि मी पायरीवर माकडहाडावर आपटले. मला वाटलं, मॅडम धावत येऊन विचारपूस करतील. त्या आल्या आणि म्हणाल्या, "कोणता कोपरा सुटला? कमरेकडचा ना? तरी मी म्हणत होते, तिथं दुहेरी घडी पाहिजे." मग एक गोळी दिली आणि पुन्हा चादरीत झोपायला सांगितलं. आठवडाभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, हे मला जास्त लागलं.

मग सलग दोन पावसाळे नदी वाहिलीच नाही. बोअर आटली, दवाखान्याला टँकर सुरू झाला. तिसऱ्या वर्षी भाद्रपदात एका दुपारी आमच्याकडे कडक ऊन होतं आणि वर नगरकडे ढगफुटीसारखा पाऊस झाल्याची खबर आली. थोड्या वेळाने रस्त्यावरून आरोळी आली, "सीना आली." ओपीडी बघता बघता रिकामी झाली. मामाही गेले. मी मनात म्हटलं, आता आल्यावर मॅडम ह्यांची सालटी काढणार.

तेवढ्यात मॅडमच केबिनमधून बाहेर आल्या. हातात ताट, ताटात खण, नारळ, तांदूळ. "कांचन, मी जरा ओटी भरून येते."

"मॅडम, तुम्ही?"

"दोन वर्षांनी आलीय गं. गुडघाभर पाणी हाय म्हणत्यात. ही गेले आणि ही आले."

चेहरा असा फुलला होता, जणू माहेरचं कुणी न्यायला आलंय. मालकिणीला कोण अडवणार? त्या गेल्या.

मागे खालच्या वॉर्डात सुनीता नावाची बाळंतीण होती, आदल्याच दिवशी सिझेरियन झालेली. कुशीत बाळ, उशाशी सासू. शेजारच्या खाटेवर दम्याचे एक आबा ऑक्सिजनवर आणि त्यांचा मुलगा. स्टाफपैकी मी आणि सविता सिस्टर, बस. मी मेडिकल आवरत होते तर न्हाणीघराच्या मोरीतून गुडगुड आवाज आला. जाऊन बघते तर जाळीतून तांबडं पाणी वर येत होतं. दवाखाना आणि पूल यांच्यामध्ये एक ओढा आहे. नदी फुगली की ओढ्याचं पाणी आधी मागे सरकतं आणि आमच्याकडे शिरतं.

तोच मॅडमचा फोन आला. "ओढ्यावरचा फरशी पूल बुडाला. आम्ही पलीकडं अडकलोय. कांचन, सुनीताला वर ने. आत्ताच्या आत्ता." आवाज कापत होता. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

आबांच्या मुलाला म्हटलं, आधी बापाला पाठुंगळी घे. त्याने आबांना वर नेलं, सविताने वरच्या सिलिंडरची नळी लावली आणि दोघं धावत खाली आले. आता राहिली सुनीता. तिला हलवायला सासू तयार होईना. "कालचं ओलं टाकं हायेत बाई. उसवलं म्हंजी काय करू? नातू हाय माझा." घोट्यापर्यंत पाणी आलं होतं. मी म्हटलं, "मावशी, ह्या जिन्यावरून मी शंभरदा गेलेय, तेही पाठीवर पडून. कुठं धरलं की दुखतं ते माझ्या हाडांना माहीत आहे. तुम्ही फक्त हा कोपरा धरा." कमरेखाली दुहेरी घडी घातली, डोकं जिन्याच्या बाजूला घेतलं, बाळ आईच्याच कुशीत बांधलं. मी, सविता, सासू आणि आबांचा मुलगा. सुनीताने डोळे गच्च मिटले होते. वळणावर मला दम लागला, पण कोपरा सोडला नाही. तिला वरच्या खाटेवर ठेवलं तेव्हा खाली तिची खाट पाण्यात होती आणि माझ्या सलाइनच्या पेट्या वॉर्डभर तरंगत होत्या.

गच्चीवर जाऊन मी फोन लावला. ओढ्यापलीकडे रस्त्यावर मॅडम उभ्या दिसत होत्या. म्हटलं, "वर आलो. सगळे."

ऊन उतरताना पाणी ओसरलं तशा त्या ट्रॅक्टरवर बसून आल्या. आधी सुनीताचे टाके बघितले, नाडी बघितली, बाळ बघितलं. टाके जागच्या जागी होते. मग जिन्यातच बसल्या. ओल्या पदराला ओटीचे तांदूळ चिकटलेले होते.

दुसऱ्या दिवशी चिखल काढता काढता त्यांनी सगळ्यांना बोलावलं. मामा खाली मान घालून उभे राहिले. मॅडम त्यांना काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "अंदमानात आमच्या एक सिस्टर होत्या, माझ्या जिवाभावाच्या. समुद्र मागं गेला तशी त्यांनी मला हाक मारली, चला बघायला. मी एका बाळंतिणीला टाके घालत होते. म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, मी आलेच. त्या परत आल्या नाहीत. इतकी वर्षं लोकांना वाटतं, मी शहाणी म्हणून वाचले. मी हातात सुई होती म्हणून वाचले. काल हात रिकामे होते, तर मीपण गेले."

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी निघाले तर हिनं माझा हात धरायचा. मी मालकीण आहे हे विसरायचं."

पुढच्या पावसाळ्यात सीना आली. शिट्टी झाली, पेशंट वर गेले. आणि मॅडम ताट घेऊन दारात. मी मनगट धरलं. "सोड," म्हणाल्या, अगदी मालकिणीच्या आवाजात. मी सोडलं नाही. त्यांनी एकदा हिसका दिला. मग नदीकडे बघत हळूच म्हणाल्या, "घट्ट धर गं." आम्ही दोघी जिना चढून गच्चीवर गेलो आणि त्यांनी तिथूनच नदीच्या दिशेने तांदूळ वाहिले.

त्या हिवाळ्यात मॅडम हार्ट अटॅकने गेल्या. ध्यानीमनी नसताना. मला अजून त्यांचा राग येतो, इतक्या घाईने गेल्याचा.

दवाखाना आता त्यांचे यजमान दुसरे डॉक्टर बोलावून चालवतात. यंदा पुन्हा पाणी आलं. शिट्टी मामांनी फुंकली. एकही माणूस पुलाकडे फिरकला नाही, सगळे पेशंटांना घेऊन वर गेले. खालचा वॉर्ड रिकामा झालेला बघून मीही जिन्याकडे वळले आणि परत दारात येऊन थोडा वेळ उभी राहिले. कुणी निघालंच असतं तर मनगट धरायला हवं होतं. कुणी निघालं नाही.